ग्रंथपाल कुणाचा?

ग्रंथालयांच्या परिसंवादात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ग्रंथपालाला राजकारण नसतं. सरकारं येतात, सरकारं जातात, ग्रंथपाल आपला पुस्तकांना नंबर देत बसलेला असतो. तो तटस्थ. टाळ्या पडतात, चहा येतो, लोक पांगतात. या वाक्याची झडती कुणी घेत नाही. मला ती घ्यायची आहे. आपल्या चळवळीतली बरीच पोरं आज ग्रंथालयशास्त्र शिकून गावोगावच्या वाचनालयांत, कॉलेजांत चिकटली आहेत. हे वाक्य त्यांच्या डोक्यात पहिल्या वर्षीच ठोकून बसवलं जातं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तटस्थता वेगळी आणि स्वातंत्र्य वेगळं. तटस्थ ग्रंथपाल कुठल्याही राजवटीला चालतो. स्वतंत्र ग्रंथपाल सगळ्यांनाच खुपतो. उद्या आपली सत्ता आली तर आपल्यालाही खुपेल. तेव्हा आपण काय करू, हा खरा प्रश्न आहे, आणि तो टाळून या विषयावर लिहिण्यात काही राम नाही.

तपासायला जर्मनी घेऊ. एका माणसाच्या आयुष्यात मावतील इतक्या वर्षांत तिथं चार-पाच राजवटी झाल्या. १९१८ ला कैसर गेला, प्रजासत्ताक आलं. १९३३ ला हिटलर आला. १९४५ ला परक्या फौजा आल्या. १९४९ ला पूर्वेकडं समाजवादी राज्य उभं राहिलं आणि १९९० ला तेही गेलं. पण सार्वजनिक वाचनालयं होती तिथंच राहिली. खिडकीशी बसणारा माणूसही पुष्कळदा तोच.

१० मे १९३३ ला बर्लिनच्या ऑपेरा चौकात पुस्तकांची होळी झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. वीस हजारांच्या वर पुस्तकं जळाली. जाळणारे विद्यार्थी होते, भाषण ठोकणारा गोबेल्स होता. एरिष केस्टनर हा लेखक गर्दीत उभा राहून आपलीच पुस्तकं जळताना बघत होता. पण नेमकी कुठली पुस्तकं जाळायची ते पोरांना कसं कळलं? गुंडाला पुस्तकातलं काय कळतं? त्याला यादी लागते. ती यादी केली होती व्होल्फगांग हेर्मान नावाच्या माणसानं, आणि हा माणूस धंद्यानं ग्रंथपाल होता. सार्वजनिक वाचनालयातला, शिकलेला, कामात तरबेज.

जरा थांबून या माणसाकडं बघा. तो अडाणी नव्हता, भ्यालेलाही नव्हता. १९३२ साली, म्हणजे हिटलर गादीवर बसायच्या आधी, यानंच ‘माइन काम्फ’बद्दल लिहिलं होतं की यात स्वतःचा असा काही नवा विचार नाही. पुढं त्याच्याच पक्षातल्या विरोधकांनी हे उकरून काढून त्याला अडचणीत आणलं. म्हणजे पुस्तक पारखण्याची नजर त्याला होती. ती नजर त्यानं यादी करायला वापरली. आणि यादी कशी? आपल्या शास्त्रात शिकवतात तशीच, वर्गीकरण करून! पहिला गट : नष्ट करायची पुस्तकं, उदाहरणार्थ रेमार्क. दुसरा गट : ‘विषाच्या कपाटात’ ठेवायची, उदाहरणार्थ लेनिन. तिसरा गट : शंकास्पद, पुन्हा तपासायची.

विषाचं कपाट. हा शब्द मी विसरू शकत नाही. जर्मन ग्रंथालयांतला हा रूढ शब्द आहे. पुस्तक आहे, नोंद आहे, पण कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली वरच्याकडं आहे. अभ्यासासाठी पाहिजे असेल तर लायक माणसाला मिळेल. सामान्य वाचकाला नाही, त्याला ते बाधेल. मित्रांनो, हे ऐकून तुम्हांला काही आठवतं का? कुणी ऐकावं, कुणी वाचावं, कुणाच्या कानात शब्द पडला तर काय शिक्षा, हे सगळं आपल्याकडं ग्रंथपालशास्त्र निघण्याच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलेलं होतं. आपल्याकडं कपाट नव्हतं, जात होती. किल्ली तीच.

त्याच शहरात दुसरी एक बाई होती. हेलेने नाथान. नॉयकोल्न या कामगारांच्या भागातलं वाचनालय ती चालवायची. ज्यू आणि सोशल डेमोक्रॅट. ७ एप्रिल १९३३ ला सरकारी नोकरीबद्दलचा कायदा निघाला. नाव मोठं छान होतं, सेवेची पुनर्स्थापना वगैरे. काम एकच : ज्यूंना आणि विरोधी विचाराच्या माणसांना हाकलणं. हेलेनेची नोकरी त्याच वर्षी गेली. १९४० साली तिनं जीव दिला. आज त्या वाचनालयाला तिचं नाव आहे. नाव देणं सोपं असतं. माझा सवाल तिच्या टेबलाशेजारी बसणाऱ्यांबद्दल आहे. ती उठून गेल्यावर त्यांनी खुर्ची पुढं सरकवली आणि देवघेव चालू ठेवली. ते सगळे तटस्थ होते.

आता १९४५. फौजा आल्या. १३ मे १९४६ ला चारही विजेत्या राष्ट्रांच्या मंडळानं हुकूम काढला : नाझी आणि युद्धखोर पुस्तकं वाचनालयांतून, दुकानांतून काढून जमा करा. रशियन ताब्यातल्या भागात काढून टाकायच्या पुस्तकांची जाडजूड यादी त्याच वर्षी छापून निघाली. ती तयार झाली लाइपझिगच्या डॉयचे ब्यूखेराय या मोठ्या ग्रंथालयात. हिटलरच्या काळात कुलपात घालायच्या पुस्तकांच्या याद्या याच ग्रंथालयात होत होत्या. तेच कार्ड, तेच टाइपरायटर म्हणा ना.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही दोघांना एकाच मापानं मोजता? नाही. माणसं मारायला शिकवणारं पुस्तक शाळकरी पोराच्या हातातून काढणं आणि ज्यू लेखकाचं पुस्तक तो ज्यू आहे म्हणून काढणं, हे एक नाही. मी राजवटींची तुलना करत नाही. ग्रंथपालाची करतोय. वरून यादी आली आणि त्यानं पुस्तकं काढली. राजवट फिरली, उलटी यादी आली, त्यानं उलटी पुस्तकं काढली. पूर्व जर्मनीत पुढं समाजवाद आला तरी विषाचं कपाट काही गेलं नाही. पश्चिमेकडची पुस्तकं त्यात जाऊन पडली, वाचायला चिठ्ठी लागायची. कामगारांच्या नावानं चालणाऱ्या राज्यात कामगारालाच चिठ्ठी! मार्क्सवादी मित्रांनी रागावू नये, पण हे लिहून ठेवलंच पाहिजे. आणि १९९० ला ते राज्य कोसळलं तेव्हा तर यादीचीही गरज पडली नाही. पूर्वेकडच्या लेखकांची नवी कोरी पुस्तकं गोदामांतून निघून कचऱ्याच्या डेपोवर गेली, काटलेनबुर्ग नावाच्या गावच्या एका पाद्र्यानं त्यातली गोळा करून आणली. हुकूम कुणी दिला? कुणीच नाही. बाजारानं दिला.

आता तुमच्यातला एखादा उठेल आणि विचारील, ते बर्लिनचं राहू द्या, २५ डिसेंबर १९२७ ला महाडला आपणही पुस्तक जाळलं, त्याचं काय? विचारलंच पाहिजे. आपले विरोधक तर हा प्रश्न दरवर्षी विचारतात आणि आपण चिडून गप्प बसतो. चिडायचं कारण नाही, उत्तर सरळ आहे. बर्लिनला जाळणाऱ्यांच्या पाठीशी सरकार होतं, पोलीस होते, आणि जाळलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत शेल्फावर राहू नये हा हेतू होता. महाडला जाळणाऱ्यांच्या हातात काहीच नव्हतं. चवदार तळ्याचं पाणीसुद्धा नव्हतं. मनुस्मृतीची एकही प्रत कुणाच्या घरातून, कुठल्या वाचनालयातून काढून आणली नाही. कुणाला वाचायची बंदी केली नाही. जाळली ती तिची सत्ता. आणि ज्यांच्या नेतृत्वाखाली ती जाळली त्या बाबासाहेबांनी पुढं ‘हू वेअर द शूद्राज?’मध्ये आणि ‘द अनटचेबल्स’मध्ये तिचे आधार देऊन देऊन तिचीच साक्ष काढली. जाळणारा माणूस त्या पुस्तकाचा सगळ्यांत कसून वाचणारा माणूस होता. हेर्मानला हे जमलं नसतं.

म्हणून माझं मत असं, की आंबेडकरी वाचनालयात मनुस्मृती असली पाहिजे. नंबर टाकून, उघड्या शेल्फावर. पाहिजे त्यानं काढावी, वाचावी, संतापावं.

पण शेल्फाच्या आधी दार येतं. ग्रंथपालाच्या स्वातंत्र्याच्या गप्पा करणारे पुस्तकांबद्दलच बोलतात, दाराबद्दल बोलत नाहीत. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव झाला. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने खुले. त्या यादीत वाचनालय नावानं नाही. माणसाला काय काय लागतं याचा हिशोब करताना पुस्तक सुचलं नाही. आणि बडोदा बघा. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणवून गावोगावी वाचनालयं काढली, हिंदुस्थानात त्याला तोड नव्हती. त्याच बडोद्यात १९१७ साली त्याच राजाच्या पैशानं शिकून आलेल्या अधिकाऱ्याला राहायला खोली मिळाली नाही आणि शिपाई त्याच्या टेबलावर लांबून फायली टाकत होते. राजा पुस्तकं विकत आणू शकतो. शिपायाचा हात त्याला बदलता आला नाही.

अमेरिकेतल्या काळ्या पोरांना हे बरोबर कळलं होतं. २७ मार्च १९६१ ला मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात टूगालू कॉलेजची नऊ पोरं-पोरी आधी काळ्यांसाठीच्या वाचनालयात गेली, तिथं नसलेली पुस्तकं मागितली, आणि मग गोऱ्यांच्या मुख्य वाचनालयात जाऊन टेबलाशी वाचत बसली. बस्स, वाचत बसली. पोलिसांनी उचलून नेली. हे त्यांचं चवदार तळं. त्या देशाच्या ग्रंथालय संघटनेनं १९३९ सालीच वाचनाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला होता. पण वंशावरून वाचकाला दार बंद करू नये हे वाक्य त्यात घालायला त्यांना १९६१ उजाडलं. बावीस वर्षं पुस्तकाचा हक्क होता, वाचकाचा नव्हता. आमच्या सेन्सॉरविरोधी सवर्ण लेखकांची हीच गत. पुस्तकावर बंदी आली की मोर्चा काढतात, वस्तीतल्या पोराला दारातून परत पाठवलं की त्यांना पत्ता नसतो.

अशा त्या दक्षिणेत एमिली रीड नावाची ग्रंथपाल होती, अलाबामा राज्याच्या ग्रंथालय खात्याची प्रमुख. १९५९ साली लहान मुलांच्या एका चित्रांच्या पुस्तकावरून तिच्यावर गोरे आमदार तुटून पडले. पुस्तकात काय? एक काळा ससा आणि एक पांढरा ससा लग्न करतात. एवढंच. सशाचाही आंतरजातीय विवाह चालेना! रीडनं पुस्तक काढून टाकलं नाही. पण उघड्या शेल्फावरून उचलून राखीव शेल्फावर नेलं, मागेल त्या वाचनालयाला द्यायचं ठेवलं. तिच्या धैर्याची गोष्ट सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. १९६० साली ती अलाबामा सोडून गेली. पण ते राखीव शेल्फ मला सलतं. शूर बाईसुद्धा अर्धी वाट विषाच्या कपाटाकडं चालली. एकट्या माणसाच्या शौर्याची मर्यादा इथं दिसते. पाठीशी कुणी उभं नसलं की चांगला माणूससुद्धा तडजोडीची जागा शोधतो.

आता घरी येऊ.

रंगनाथनांची पाच सूत्रं आपल्याकडं ग्रंथालयाच्या भिंतीवर तसबिरीसारखी लावतात. १९३१ ची. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, हे दुसरं सूत्र मला मनापासून आवडतं. रंगनाथन त्याखाली सरकारचं, ग्रंथालय चालवणाऱ्या मंडळाचं, नोकरांचं, वाचकाचं, सगळ्यांचं कर्तव्य सांगतात. फक्त एक सांगत नाहीत : ग्रंथपालाचं कर्तव्य आणि मंडळाचा हुकूम एकमेकांच्या आड आले तर नोकरानं काय करावं? त्यासाठी सहावं सूत्र लागलं असतं. ते शिस्तीचे माणूस होते, चांगलं सरकार आणि चांगला कायदा आला की सगळं जुळेल असा त्यांचा विश्वास. मद्रासला १९४८ साली त्यांच्या प्रयत्नानं कायदा आला, ग्रंथालयासाठी कर आला. महाराष्ट्रात १९६७ साली कायदा आला, पण कर नाही. इथं सरकार अनुदान देतं आणि वाचनालयं चालवतात नोंदणी झालेल्या संस्था, त्यांची मंडळं. अ, ब, क, ड असे वर्ग. वर्षाला जिल्ह्याचा अधिकारी तपासणीला येतो.

हा कायदा बारकाईनं बघितला की ग्रंथपाल कुठं उभा आहे ते कळतं. पगार अनुदानातून, नेमणूक मंडळाची. सरकारी नोकर नाही, म्हणून सरकारी नोकराचं संरक्षण नाही. वेतनश्रेणीची आणि सेवाशर्तींची मागणी करकरून या लोकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या. ‘ड’ वर्गातल्या खेड्याच्या वाचनालयात तर तो अर्धवेळ, दुसरीकडं मजुरी नाहीतर शिकवण्या करून जगणारा. त्याला तुम्ही म्हणता, स्वतंत्र राहा! ज्याची चूल अध्यक्षाच्या सहीवर पेटते त्याला स्वातंत्र्य शिकवणं ही चेष्टा आहे. मंडळ म्हणजे तरी कोण? गावाचा जो कारभार तोच मंडळाचा कारभार. साखर कारखान्यातला माणूस, पतसंस्थेतला माणूस, त्याचा मेहुणा. मुंबईत सत्ता कुणाचीही येवो, वाचनालयाच्या खोलीतली राजवट ही अशी. म्हणून राजवट बदलली हे शब्द ऐकले की मी आधी विचारतो, कुठली?

एका तालुक्याच्या गावचं वाचनालय मी पाहिलं आहे. आमची आत्मचरित्रं, आमच्या कविता, बाबासाहेबांचे खंड, सगळं दाखल नोंदवहीत होतं. तपासणीत एकही प्रत कमी भरली नसती. पण ती सगळी एका काचेच्या कपाटात, कुलपात. किल्ली कार्यवाहाच्या घरी. ग्रंथपाल आपल्यातलाच पोरगा. म्हणाला, ‘दादा, पुस्तकं खराब होतील म्हनून ठेवलीत.’ मान खाली घालून म्हणाला. त्याच्यावर मला राग आला नाही. वर्गणी आणि अनामत भरून आत येणाऱ्या वाचकांत आमच्या वस्तीतली घरं किती होती ते वहीत दिसतच होतं. मागणारंच कुणी नसेल तर तो एकटा कुणाच्या जोरावर किल्ली मागणार?

म्हणजे विषाचं कपाट तालुक्यालाही असतं. फक्त इथं त्याला काच लावतात.

आता १९८७-८८ आठवा. सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड छापला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून गदारोळ झाला, विरोधकांनी प्रती जाळल्या, सरकारनं परिशिष्ट काढायचं ठरवलं. मग फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर आपले लोक लाखांनी उतरले आणि परिशिष्ट राहिलं. राहिलं ते एका तळटीपेसह : या प्रकरणातल्या मतांशी सरकार सहमत नाही. त्या वेळी या टीपेचा आपल्याला संताप आला होता, आणि तो बरोबर होता. बाबासाहेबांच्या पुस्तकाला सरकारी डिसमिसलचा शिक्का कशाला? पण आज त्या टीपेकडं जरा वेगळ्या डोळ्यांनी बघतो. सहमत नाही, तरी छापतो. सहमत नाही, तरी ठेवतो. ग्रंथपालाला जे सहावं सूत्र पाहिजे होतं ते सरकारच्या हातून, नाइलाजानं, कुठल्या विद्वानाच्या नव्हे तर मोर्च्याच्या दडपणाखाली लिहिलं गेलं. आणि ते वाचवलं कुणी? ग्रंथपालांच्या संघटनेनं नव्हे, झोपडपट्ट्यांतून आलेल्या माणसांनी, ज्यांतल्या पुष्कळांना तो इंग्रजी खंड वाचता येत नव्हता.

तेव्हा हे सूत्र आपल्यालाही लागू करून बघू. आपल्या विहारांत, वसतिगृहांत, जयंतीच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या वाचनालयांत मंडळं आपली आहेत, ग्रंथपाल आपला आहे. १९९७ साली अरुण शौरींचं ‘वर्शिपिंग फॉल्स गॉड्स’ आलं. बाबासाहेबांवर चिखलफेक करणारं पुस्तक. ते आपल्या वाचनालयात आहे का? मी काही ठिकाणी विचारलं. लोक माझ्याकडं फितुराकडं बघावं तसे बघायला लागले. का ठेवायचं ते सांगतो. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना भाषणातला मजकूर बदलायला सांगितला. बाबासाहेब बधले नाहीत, परिषद रद्द झाली, आणि त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. आपण ही गोष्ट अभिमानानं सांगतो. पण पुढची सांगत नाही. गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्या भाषणावर टीका केली. १९३७ साली दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी गांधींची ती टीका स्वतःच्या पुस्तकात छापली आणि शेजारी आपलं उत्तर छापलं. वाचकाला दोन्ही एका जिल्दीत, कुलूप नाही. शौरींचं पुस्तक ठेवा, त्याला उत्तर देणारी पुस्तकं त्याच्याच शेजारी ठेवा, आणि वस्तीतल्या अठरा वर्षांच्या पोरीला दोन्ही घरी न्यायला द्या. तिच्यावर भरवसा नसेल तर आपणही तिला शूद्रच समजतो.

माझ्या एका मित्राचं म्हणणं, हे सगळं ठीक, पण आधी त्यांच्या वाचनालयांत आपली पुस्तकं उघड्यावर येऊ देत, मग आपण त्यांची ठेवू. हे मला पटत नाही. देवाणघेवाणीचा हिशोब राजवटी करतात.

काम काय करायचं ते बोलून ठेवतो. तालुक्याच्या त्या वाचनालयात दहा-वीस पोरांनी वर्गणी भरून सभासद व्हावं. खंड मागावेत, मागणीच्या वहीत लिहावं, तारीख घालून. संस्थेच्या वार्षिक सभेला जाऊन बसावं आणि विचारावं, पुस्तकं कोण निवडतं, शासनमान्य यादीतली किती घेतली आणि यादीबाहेरची किती, काढून टाकलेल्या पुस्तकांचा ठराव कुठं आहे. ग्रंथपालाचा पगार किती महिने थकला तेही विचारावं, आणि तो पोरगा आपला नसला, सवर्ण असला, तरी विचारावं. आमच्या ओळखीतल्या तिघांनी यंदा वर्गणी भरली आहे. किल्ली अजून कार्यवाहाच्या घरीच आहे.